अंकमहाराजांचा न फुटणारा आकडा

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी जिथे लोखंडी सळ्यांचे भारे पडलेले असायचे तिथे सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि सतरंज्या संपल्या तिथे लोक खोक्यांचे पुठ्ठे टाकून बसले होते. ज्यांना पुठ्ठाही मिळाला नाही ते खिडक्यांच्या गजांना लटकले होते. समोर एक मोठा काळा फळा, फळ्याशेजारी पेटी, आणि पेटीवर बोटं फिरवत स्वतः अंकमहाराज.

"बोला मंडळी, आपला आकडा कोणता?"

"अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न!" गोदामाचा पत्रा थरथरला.

"दोनानं भागा!"

"नाही भागत!"

"तिनानं भागा! सातानं भागा! एकशे एकानं भागा!"

"नाही भागत! नाही भागत! नाही भागत!"

महाराजांनी सूर धरला, डोळे मिटले आणि तो आकडा असा काही आळवला, की तिसऱ्या रांगेत बसलेल्या आत्याची मान आपोआप डोलू लागली. आत्याला गाण्याचं वेड. देवाच्या कथा गाऊन सांगणारे बुवा कुठेही आले, की कामावरून परस्पर तिकडे जायची. तेलाचे हातसुद्धा रुमालाला पुसत पुसत बसायची. दातेरी चाकं कापणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं मशीनवर होती. भावांच्या मुलांची ती आत्या, म्हणून हळूहळू सगळ्या कारखान्याचीच आत्या झाली होती.

"गळा गोड आहे हो," ती शेजारच्या बाईला म्हणाली. "आकडासुद्धा भजनासारखा वाटतोय."

महाराजांनी खडू उचलला. "याला कोणी भागू शकत नाही. पण मी याला कापतो!" त्यांनी आकड्याच्या मधोमध उभी रेघ मारली. "डावीकडे पाचशे अठ्ठ्याऐंशी. हा नवरा. उजवीकडे दोन हजार तीनशे त्रेपन्न. ही बायको."

"बायको एवढी मोठी कशी हो, महाराज?" खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"घरी जाऊन बघ, म्हणजे कळेल!"

हशा पिकला. महाराजांनी तो ओसरू दिला. मग नवऱ्याला नवऱ्यानं गुणलं: तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस. बायकोला बायकोनं गुणलं: पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कॅल्क्युलेटरवर पडताळा घेतला आणि माना हलवल्या. "आता करा बेरीज!"

बेरीज झाली. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी कॅल्क्युलेटर एकमेकांना दाखवले. मग टाळ्या. कापलेला आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा सांधला होता. आत्याच्याही अंगावर काटा आला. ती आयुष्यभर आकड्यांतच वावरली होती, पण असा आकडा तिनं पाहिला नव्हता.

"आणि याला सतरानं गुणा," महाराज खालच्या पट्टीत म्हणाले. फळ्यावर उमटलं: १०,००,००,००१. "दहा कोटी एक. इकडे एक, तिकडे एक, मधे सगळी शून्यं! दोन जीव, आणि मधलं भांडण शून्य! ध्यानाच्या सातव्या दिवशी हा आकडा मला दिसला. ज्या जोडप्याचा आकडा असा अभंग, त्याचा संसार अभंग. ज्याचा आकडा फुटतो..." पेटीतून एक रडका सूर निघाला. पुढचं वाक्य त्या सुरानंच पुरं केलं.

आणि मग जोडप्यांच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. मुलाच्या जन्माची तारीख, मुलीच्या जन्माची तारीख. महिना नको, वर्ष नको. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहायच्या, चार अंकी आकडा होतो. तो भागला गेला, की लग्नाला धोका.

तिसरी चिठ्ठी आत्याच्या धाकट्या भावाची होती. तो त्याच कारखान्यात फोरमन. त्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

"मुलगा तेवीस, मुलगी चौदा," महाराजांनी वाचलं. फळ्यावर लिहिलं: २३१४. कपाळाला आठी. "दोनानं फुटला. राहिले अकराशे सत्तावन्न. तेही तेरानं फुटले! एकदा नाही, दोनदा फुटला हो! सतरा महिने थांबा. दोघांच्या दंडाला ही तांब्याची पट्टी बांधा, हिच्यावर अभंग आकडा कोरलाय. त्यानंतर पाहू."

फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याची डोलणारी मान थांबली.

घरी भाची स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. तिचा होणारा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, म्हणून घरात त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. त्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानात जागा मिळाली होती. महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं, आणि दोघं मिळूनच जाणार होती.

"सतरा महिने?" भाची म्हणाली. "बाबा, त्याच्या आईनं आत्ताच फोनवर विचारलंय. म्हणाल्या, आमच्या मुलाला तुम्ही फुटका ठरवत असाल, तर आम्ही दुसरीकडे बघतो. परवापर्यंत कळवा म्हणाल्या."

"बघू देत!" फोरमन कडाडला. पण आवाजात दम नव्हता. "तुझा संसार मोडलेला मला बघायचा नाही."

"तुझा झाला का मोडून?" आत्यानं विचारलं. "तू सहा तारखेचा, भावजय सत्तावीसची. सहाशे सत्तावीस. तिनानं फुटतो, अकरानं फुटतो. उलटा लिहिला तर दोन हजार सातशे सहा, तो दोनानं फुटतो. तीस वर्षं झाली तुमची."

"आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं?"

"म्हणजे माहीत नव्हतं म्हणून टिकलं?" भावजय भाकरी थापता थापता म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

फोरमनला हसू आलं नाही. "ताई, तू कारखान्यातली आहेस. तुला तरी कळायला हवं. जोडीतलं एक तरी चाक न भागल्या जाणाऱ्या दात्यांचं ठेवायचं, सतरा, एकोणीस, तेवीस. ती जोडी जास्त टिकते की नाही?"

"टिकते."

"मग? लोखंडाला जे लागू, ते माणसाला का नाही?"

आता ही गोष्ट तशी खरी होती, आणि इथेच सगळा घोळ होता. दुसऱ्या कुठल्या वस्तीत अंकमहाराजांची डाळ शिजली नसती. पण इथे घरटी एक माणूस चाकं कापणारा. न भागल्या जाणाऱ्या आकड्याची चाकं टिकतात, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक. महाराजांनी त्या ठाऊक गोष्टीला फक्त एक पाऊल पुढे ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कारखान्यात लवकर गेली. भाऊ आला तेव्हा तिनं बाकावर दोन चाकं एकमेकांत अडकवून ठेवली होती.

"मोज दाते."

"चोवीस आणि पस्तीस," फोरमन न मोजताच म्हणाला. असली माणसं दाते नजरेनं मोजतात.

"चोवीस भागलं जातं?"

"दोनानं, तिनानं. हे काय विचारणं झालं?"

"पस्तीस?"

"पाचानं, सातानं. ताई, मला काम आहे."

आत्यानं छोट्या चाकाच्या एका दात्यावर खडूचा ठिपका दिला. "फिरव. ठिपक्याचा दाता मोठ्या चाकाच्या ज्या खाचेत बसेल, तिथे तिथे खूण कर."

फोरमन बहिणीपुढे लहानपणापासून हरत आला होता. त्यानं फिरवायला सुरुवात केली. एक फेरा, एक खूण. दुसरा फेरा, दुसरीकडे खूण. दहाव्या फेऱ्याला तो जरा सावध झाला, विसाव्याला पुटपुटू लागला. पस्तीस फेरे झाले तेव्हा मोठ्या चाकाच्या पस्तीसच्या पस्तीस खाचांत खडू लागला होता.

"प्रत्येक दाता प्रत्येक खाचेला भेटला," आत्या म्हणाली. "म्हणून झीज सगळीकडे सारखी होते, म्हणून जोडी टिकते. आकडा फुटत नाही म्हणून नव्हे. हे दोन्ही आकडे फुटतात. दोघांना एकाच वेळी भागणारा आकडा नाही, एवढंच लागतं. न भागला जाणारा आकडा घेतला की ते सोपं जातं, म्हणून आपल्या जुन्या लोकांनी तसा नेम केला. आपण नेम लक्षात ठेवला आणि कारण विसरलो."

फोरमन खडूच्या खुणांकडे पाहत राहिला. चाकांबद्दल त्याला कोणी काही शिकवावं, हे फार वर्षांनी घडत होतं.

"हे पटलं," तो शेवटी म्हणाला. "पण तो आकडा, ताई? कापला तरी जुळतो, सतरानं गुणला तर दहा कोटी एक. असा आकडा माणसाच्या डोक्यातून येईल? तो ध्यानातच दिसायला हवा."

आत्यानं दोन्ही चाकं सोडवली. "ते मला नाही माहीत," म्हणाली, आणि आपल्या मशीनकडे गेली.

त्या दिवशी सतरा दात्यांची छोटी चाकं कापायची होती. आत्यानं लोखंड पकडीत बसवलं, पाना फिरवला, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं मान वर करून भिंतीवरच्या कोष्टकाकडे पाहिलं. एकाचे समान भाग केले तर एक भाग केवढा, याचं ते छापील कोष्टक. तेलानं पिवळं पडलेलं, कोपरे दुमडलेले. इथल्या प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक मशीनच्या डोक्यावर तेच टांगलेलं.

सतरा भाग. त्यापुढे: ०.०५८८२३५३.

आत्यानं पाना खाली ठेवला. पुन्हा वाचलं. शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच, तीन.

आणि ती हसायला लागली. इतकी हसली, की शेजारच्या लेथवरच्या माणसानं मशीन बंद केलं. "आत्या, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"अरे, मला दर्शन झालं!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "तेसुद्धा उभ्या उभ्या!"

उरलेलं काम मालकीणबाईंच्या मदतीनं झालं. कारखान्याच्या मालकीणबाई गोल, गुटगुटीत, आणि गमतीला सदा तयार. आत्यानं कानात सांगितलं तेव्हा त्यांनी टाळीच दिली. "माझे पाच पुतणे लग्नाचे आहेत. त्यातला एखादा तेवीस तारखेचा निघेलच की!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदाम पुन्हा खचाखच. फोरमन बहिणीच्या आग्रहाखातर आला होता. भाची आणि चष्मेवाला मागे भिंतीला टेकून उभे होते. आकड्याचं गायन झालं, कापणं झालं, सांधणं झालं. चिठ्ठ्या सुरू होताच मालकीणबाई उठल्या. महाराज पेटी सोडून अर्धे उभे राहिले.

"महाराज, आमच्या पुतण्यासाठी एक मुलगी पाहिलीय. मुलगा तेवीस, मुलगी चौदा."

महाराजांचे डोळे चमकले. मोठं घर. मोठ्या घराला नाराज करायचं नसतं. "मोठ्या घरची सून म्हणजे घराचं दैव! म्हणून मुलीची तारीख आधी." फळ्यावर लिहिलं: १४२३. दोनानं नाही, तिनानं नाही, सातानं नाही, अकरानं नाही... त्यांनी घामाघूम होईपर्यंत भागून पाहिलं आणि खडू वर उडवला. "अभंग! बाई, हा आकडा साक्षात अभंग! उद्याच मुहूर्त धरा!"

टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत आत्या उठली.

"महाराज, मी जरा येऊ का पुढे?"

"या माउली. चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. आठवण." आत्यानं खडू घेतला आणि १४२३ च्या खाली लिहिलं: २३१४. "परवा माझ्या भाचीचा हा आकडा तुम्ही दोनदा फोडलात. तिचा नवरा तेवीसचा, ती चौदाची. बाईंचा पुतण्या तेवीसचा, मुलगी चौदाची. त्याच दोन तारखा. आमच्याकडे मुलगा आधी, मोठ्या घरात मुलगी आधी. मग न फुटणारं काय आहे, आकडा की मोठं घर?"

गोदामात आधी कुजबुज झाली. मग पहिल्या रांगेतले दोन कॅल्क्युलेटर खटखटले. मग कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, खरंच की!"

महाराज कसलेले होते. हसले. "माउली, ग्रहांचा भार पाहावा लागतो. तुमच्या भाचीचा मंगळ..."

"तुम्ही मंगळ विचारलाच कुठे? महिना नको म्हणालात, वर्ष नको म्हणालात!" हा आवाज फोरमनचा होता. तो उभा राहिला होता. त्याला स्वतःलाच ते उशिरा कळलं.

"बरं, ते सोडा," महाराजांनी पेटीवर हात ठेवला. "तारखांत माझी चूक असेल. मी माणूस आहे. पण हा आकडा? कापला तरी जुळतो! हा तर मला ध्यानात..."

"बारा आणि तेहेतीस," आत्या म्हणाली आणि फळ्यावर लिहिलं: १२३३. "बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीस. तेहेतीस गुणिले तेहेतीस, एक हजार एकोणनव्वद. बेरीज करा."

गोदामानं बेरीज केली. "बाराशे तेहेतीस!"

"हाही कापला तरी जुळतो. आणि भागून पाहा, तिनानं जातो, नवानं जातो. म्हणजे हा फुटतो आणि जुळतोही. माझी भाची काल घरी बसून हे शोधत होती. तिनं अठ्ठ्याऐंशी-तेहेतीससुद्धा शोधलंय, तेही घरी करून बघा. हिशेबाचा खेळ आहे, मंडळी. सुंदर खेळ आहे, पण खेळच."

भाची मागे लाजली. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. बायको होणारी मुलगी नीट बघून घ्यावी म्हणून असेल.

आत्यानं आपल्या पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि फळ्यावर टाचली. तेलकट, पिवळं, दुमडलेलं कोष्टक. पाहताच पुढच्या चार रांगा पुढे सरकल्या. हे कोष्टक त्यांच्यापैकी प्रत्येकानं हजारदा पाहिलं होतं.

"सतरा दात्यांचं चाक कापताना काय बघता? वाचा."

"शून्य दशांश शून्य पाच आठ आठ दोन तीन..." वाचणाऱ्याचा आवाज मधेच थांबला. "...पाच तीन. च्यायला!"

"एकाचे सतरा भाग केले, की हा आकडा येतो. खरा तर तो पुढे चालतच राहतो. आपण आठव्या घरात थांबवतो आणि शेवटचा अंक एकानं वाढवतो. म्हणून सतरानं परत गुणलं, की एकाच्या जागी एक, मग शून्यं, आणि शेवटी तो वाढवलेला चुरा, एक. ते दोन जीव नव्हेत, महाराज. एक पूर्ण चाक आहे आणि एक चुरा आहे. आणि हा आकडा सव्वीस वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेला होता. ध्यान कशाला लावायला हवं?"

आता मात्र हसू असं उसळलं, की खिडकीचे गज सोडून दोघं आत पडले. महाराजांनी पेटी बंद केली. त्यांचा चेहरा एकदम साध्या माणसाचा झाला.

"मी कोष्टकं छापणाऱ्या छापखान्यात होतो," ते हळूच म्हणाले. "आकडे तपासायचं काम. बारा वर्षं. तपासता तपासता हा सापडला. जुळवून पाहिला तर जुळला. चार रात्री झोपलो नाही. कोणाला सांगितलं तर कोणी ऐकेना. मग म्हटलं, ध्यानात दिसला म्हणून सांगावं. लगेच ऐकायला लागले."

कोणीतरी "मारा याला" म्हणालं, तसा आत्यानं हात वर केला.

"हात नाही लावायचा. पट्ट्या परत घ्यायच्या आणि ज्या ज्या घरी लग्नं थांबवली तिथे यांनी स्वतः जाऊन सांगायचं, की ते खोटं होतं. एवढं पुरे." मग ती महाराजांकडे वळली. तिच्या आवाजात राग कमी होता, हळहळ जास्त. "अहो, एवढी सुंदर गोष्ट तुमच्या हातात होती. मला परवा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू? देव मानणारी बाई आहे मी. अशा आकड्यात मला देवच दिसतो. पण देवानं सौंदर्य दिलं. भीती तुम्ही घातलीत. त्याच्या नावावर आपली भीती खपवायची नाही."

महाराजांनी मान खाली घातली. फोरमन मात्र मान वर करून, गर्दीतून वाट काढत, मागच्या भिंतीपाशी गेला. चष्मेवाल्यासमोर उभा राहिला.

"आईंना फोन लावा," शेवटी म्हणाला. "मी बोलतो. माफी मागतो. लग्न ठरल्या दिवशीच."

"बाबा, त्यांना हेही सांगा, की तुम्ही त्यांच्या मुलाला फुटका म्हणालात," भाची म्हणाली.

"ते तुझी आत्या सांगेल!"

लग्न ठरल्या दिवशीच झालं. आत्यानं भाचीला दोन पितळी चाकं भेट दिली, चोवीस दात्यांचं एक आणि पस्तीसचं दुसरं, एका लाकडी फळीवर एकमेकांत अडकवलेली. भाची बघायला लागली तशी आत्या म्हणाली, "फिरवून बघ, एकदा प्रत्येक दाता प्रत्येक खाचेला भेटला की खरखर थांबते. तुझ्या काकांची आणि माझी खरखर थांबायला चार वर्षं लागली. आमचा आकडा बारा-चोवीस, सगळ्यांनी फुटणारा. आणि संसार ते जाईपर्यंत बत्तीस वर्षं टिकला."

तर वाचकहो, तुमच्या दारी उद्या कोणी असा आकडा, अशी तारीख, असा अक्षरांचा किंवा ताऱ्यांचा खेळ घेऊन आला, तर टाळ्या जरूर वाजवा. खेळ चांगला असेल तर वाजवायलाच हव्यात. पण टाळ्या संपल्या, की एक प्रश्न नक्की विचारा: हाच आकडा उलटा लिहिला तर? आणि दुसरा: हा आकडा माझ्याच भिंतीवर तर टांगलेला नाही ना? प्रश्न विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो देवाच्या नावानं पट्टी विकणारा.

अंकमहाराज आता शाळेशेजारच्या खोलीत मुलांची गणितं घेतात. पाढे पेटीवर गाऊन शिकवतात. मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलांना अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्नची गंमत दाखवतात, आणि "कुठून आला हा?" असं कोणी विचारलं, की बोटानं भिंतीवरच्या तेलकट कोष्टकाकडे दाखवतात. ते कोष्टक आत्यानं दिलेलं आहे. तिला नवं मिळालं, पण सतरा दात्यांचं चाक कापताना ती अजून वर बघते आणि अजून हसते.